प्रत चालू आहे, कृपया थांबावे

विवाह हा समाजाचा पाया आहे आणि विवाहाची नोंद हा त्या पायाचा पुरावा. पुरावा जपला की पाया आपोआप जपला जातो, असं आमच्या विवाह नोंदणी कार्यालयाचं ठाम मत आहे. (लग्नं टिकवण्याचं काम आमच्याकडे नाही. ते कोणाकडे आहे, याची चौकशी शेजारच्या खिडकीत करावी. ती खिडकी बंद असते.)

याच कळकळीतून साहेबांनी सगळ्या नोंदींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवायचं ठरवलं. आमचा संगणक थकला होता. सुरू होताना घसा खाकरायचा आणि कधीकधी तेवढंच करून थांबायचा. डिस्क आली. साबणाच्या वडीएवढी, काळी, दिसायला गरीब. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, ती वायरीने संगणकाला जोडली, नोंदी पाठवायला सुरुवात केली आणि पडद्यावर अक्षरं उमटली: उरलेला वेळ, एकोणीस दिवस.

साहेबांनी लगेच आदेश दिला की प्रत पूर्ण होईपर्यंत एकही नवं लग्न नोंदवायचं नाही. मूळ वाढत राहिलं तर प्रत कायमची मागे पडणार, हे उघड होतं. नोंदी सुरक्षित ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नोंदी न करणं, ही गोष्ट कार्यालयाच्या ध्यानात यायला इतकी वर्षं का लागली, याचंच आम्हाला नवल वाटलं.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो संगणकाच्या मागे वाकला आणि क्षणात सरळ झाला.

"डिस्क जुन्या, हळू पोर्टमध्ये लावलीये. शेजारी तो निळा आहे ना, तो जलद. त्यात लावा, दुपारपर्यंत काम होईल."

"निळ्यात काहीतरी आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

दुरुस्तीवाल्याने निळ्या पोर्टमधल्या वायरीचा डोळ्यांनी माग काढला. वायर टेबलावरून, फायलींच्या मागून, साहेबांच्या छोट्या पंख्यापर्यंत गेली होती. पंखा साहेबांच्या मानेवर वारा घालत होता. साहेब डोळे मिटून विचार करत होते.

"तसं बघायला गेलं," दुरुस्तीवाला म्हणाला, "तर वायरही खराब असू शकते."

इथून शास्त्रशुद्ध तपासाला सुरुवात झाली. समिती नेमली गेली. प्रस्तुत लेखक तिचा सदस्य होता. आधी वायर बदलली. मग ती आखूड हवी असं ठरलं, आणि आखूड आणली तर ती डिस्कपर्यंत पोचेना, म्हणून कपाट हलवलं. उरलेला वेळ तेवीस दिवस झाला. पुढे असं आढळलं की विषाणू शोधणारा प्रोग्राम प्रत्येक लग्न पाठवण्याआधी तपासतो. (साहेबांना हे आवडलं. उशिरा का होईना, कोणीतरी तपासतंय, असं ते म्हणाले.) नंतर कळलं की लहान लहान फाइली पुष्कळ असल्या की वेग मंदावतो, तेव्हा यापुढे जोडप्यांनी एकेकटं न येता पन्नास-पन्नासच्या गटाने लग्न करावं, अशी शिफारस आम्ही एकमताने केली. शेवटी डिस्क तापते असं लक्षात आल्यावर साहेबांनी मनाचा मोठेपणा दाखवला आणि पंख्याचं तोंड स्वतःकडून वळवून निम्मं डिस्ककडे केलं. पंख्याची वायर होती तिथेच होती. समितीने उभं राहून आभार मानले.

बाहेर बाकावर माणसं साठत होती. त्यात एक परिचारिका होती. तिला दुसऱ्या देशातल्या इस्पितळात नोकरी मिळाली होती आणि महिनाअखेर रुजू व्हायचं होतं. नवऱ्याला सोबत नेता येणार होतं, पण तो कागदावर नवरा असायला हवा होता. सध्या तो चष्म्याच्या दुकानातला विक्रेता होता, एवढंच सिद्ध होत होतं. साक्षीदार म्हणून त्याची आत्या रोज डबा घेऊन यायची.

"तू जा पुढे," एके दिवशी तो परिचारिकेला म्हणाला. "मी मागून येतो."

"मागून म्हणजे कधी?"

त्याने दारातून पडदा वाचला. "चौतीस दिवस म्हणतोय. काल एकतीस म्हणत होता."

"वाढतंय?" आत्यांनी विचारलं.

"वाढतंय."

परिचारिकेने पर्स आत्यांच्या मांडीवर ठेवली आणि आत आली. आम्ही सवयीने म्हणालो, प्रत चालू आहे. तिने संगणकाच्या मागे पाहिलं, वायरीच्या मागोमाग पाहिलं आणि साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, रात्री झोप लागते का नीट?"

साहेबांना हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. "कसली झोप," ते म्हणाले. "पहाटे जरा डोळा लागतो, तोच..."

तोवर पंखा थांबला होता. जखमेवरची पट्टी काढताना करतात तसं तिने केलं होतं: बोलण्यात गुंतवून पंख्याची वायर ओढून काढली होती. डिस्क निळ्या पोर्टमध्ये लावून ती मोठ्या बाईंना म्हणाली, "आता परत सुरू करा." बाईंनी साहेबांकडे पाहायच्या आत बटण दाबलं. हे त्यांच्याकडून कसं झालं, ते त्यांना अजून सांगता येत नाही.

उरलेला वेळ: चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत कार्यालयात कोणी कोणाच्या नजरेला नजर दिली नाही. साहेबांच्या मानेवर घाम आला. प्रत पूर्ण झाली. संगणक मोकळा होता आणि नकार द्यायला कारण शिल्लक नव्हतं, त्यामुळे नोंद करावी लागली. आत्यांनी सही केली आणि डोळे पुसले.

"झालं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"झालं," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून भरभर बाहेर पडली. इस्पितळात माणसं हलवतात तशी.

साहेबांनी प्रकरणाचा साकल्याने विचार केला. सदर प्रत अनधिकृत हाताने काढली गेल्याने ती रद्द समजण्यात आली. पंखा जागेवर बसवण्यात आला, डिस्क जुन्या पोर्टमध्ये लावण्यात आली आणि काम पुन्हा विधिवत सुरू झालं.

या सगळ्यात आम्हाला नागरिकांचं जे सहकार्य लाभलं, त्याचा उल्लेख करायलाच हवा. परिचारिका आत येऊन वायरीला हात घालत होती, तेव्हा आम्ही सगळे गप्प होतो. साहेबसुद्धा. बाकावरून एकच आवाज आला: "ओ मॅडम, रांग आहे इथे."

तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला, कारण इतके दिवस त्या बाकावर बसून, वाचकहो, तुम्ही तेवढंच एक वाक्य बोललात.