सासूबाईंच्या बर्फगाडीची स्वस्त सुधारणा

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा मी लवकर सोडली, आणि शाळेनंही मला फारसं धरून ठेवलं नाही.

आमच्या घरात सासूबाईंचं, म्हणजे आउनेबाईंचं राज्य. रेनडिअरचा कळप त्यांचा, गवत त्यांचं आणि बर्फावरून धावणारी इंजिनाची गाडीही, म्हणजे बर्फगाडीही त्यांचीच. ही गाडी माझ्या बायकोपेक्षा, म्हणजे सुवीपेक्षा वयानं मोठी आणि स्वभावानं तिच्याच वळणाची. (हे सुवीला सांगू नका.) हिवाळ्यात रानात खायला उरत नाही, म्हणून रोज सकाळी गाडीमागे घसरगाडी जोडून रस्त्यापलीकडच्या माळावर गवत न्यायचं, हे माझं काम. बाकी घरात माझी जागा शेवटच्या रेनडिअरच्याही मागे. आमच्याकडे ज्याची जनावरांच्या कानावर स्वतःची खूण, तो माणूस. माझी खूण नव्हती. मात्र गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात जाताना सासूबाई म्हणाल्या, की परत येईन तेव्हा कळप जागेवर दिसला, तर वसंतात एक पिल्लू माझ्या खुणेचं.

त्या आनंदात मी गाडी सुधारायचं ठरवलं.

चढ आला की ती धापा टाकायची, खोकायची, मध्येच थांबून विचार करायची. नवी घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून कार्ब्युरेटर धुतला, क्लचच्या स्प्रिंगा बदलल्या, झिजलेला पट्टा काढून दुसरा घातला आणि जुना सायलेन्सर भंगारवाल्याला देऊन त्याच्याकडून एक कमी आवाजाचा आणला. सुवीनं विचारलं, आईला सांगितलंस का. मी म्हटलं, नाही, त्यांना चकित करायचंय. ती गप्प बसली. (बायको गप्प बसली की नवऱ्यानं ओळखावं. मी नाही ओळखलं.)

गाडी काय सुंदर निघाली! ना खोकला, ना कुरकुर. माळावर पोचलो तर कळप उभा होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कान टवकारले आणि पळ काढला. मी हातात गवत धरून दाखवलं, तर आणखी जोरात पळाले. दिवसभर ते पुढे, मी मागे. गाडी जितकी वेगानं धावायची, तितके ते लांब जायचे. (सुधारणेचा एवढा उपयोग मान्य केला पाहिजे.)

थकून घरी आलो. सुवी चुलीवरचं सूप ढवळत होती.

"इतकी वर्षं ती गाडी खोकत आली की त्यांना कळायचं, गवत आलं," ती म्हणाली. "आज तू चोरपावलांनी गेलास. चोरपावलांनी लांडगा येतो, तुओमो."

जुना सायलेन्सर परत आणतो म्हटलं. पण भंगारवाल्यानं तो केव्हाच चेपून टाकला होता. आणि आई उद्या सकाळी येतेय, असंही सुवीनं त्याच दमात सांगितलं.

"मग मी करू काय?"

"तू खोक," ती म्हणाली. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही.

मी मुळात इतका लाजाळू, की दुकानात पाव मागायचा तर नुसतं बोट दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घसरगाडीवर गवत लादलं, दोरी कमरेला बांधली आणि चालत माळ गाठला. आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा पाहिलं. मग डोळे मिटून सुरू केलं, "ढर्रर्र… खक्… खक्… ढर्रर्र…"

झाडीतून एक शिंग दिसलं. मग बरीच. हळूहळू सगळा कळप भोवती आला. मी थांबलो की तेही खायचे थांबायचे आणि रानाकडे बघायचे, म्हणून शेवटची पेंढी सुटेपर्यंत मला खोकत राहावं लागलं. घसा पार बसला.

वळून पाहतो तर रस्त्यावर टॅक्सी उभी. शेजारी कुबड्यांवर सासूबाई, त्यांची पिशवी धरून सुवी. किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे. सासूबाईंनी सगळ्या कळपावरून सावकाश नजर फिरवली आणि पिल्लू आता तुझं, असं मला सांगितलं. मी खाली मान घालून आभार मानले. आवाज फुटला नाही तो भाग वेगळा.

मग हनुवटीनं माझ्याकडे दाखवत त्या लेकीकडे वळल्या.

"सुवी, घरातली गाडी विकून टाकू. ही चढावरसुद्धा बंद पडत नाही, आणि हिला पेट्रोलही लागत नाही."