तव्यावरचा चिरूट

आमच्या समोरचे वीरभद्रप्पा चिरूट पेटवायच्या आधी तो कानाशी धरायचे. दोन बोटांत हळूहळू फिरवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. आता चिरूट काय बोलणार? पण अप्पांशी तो बोलायचा. मी वाळलोय म्हणायचा, नाहीतर मी अजून ओला आहे म्हणायचा. घरात बायको जन्मभर बोलत होती, ते मात्र त्यांना कधी ऐकू आलं नाही.

चिरूट हा माझा शब्द. त्यांच्यापुढं उच्चारून बघा! "सुभद्राक्का, चिरूट न्हाई, सिगार म्हणा. क्युबाचा हाय. हातानं वळलेला." त्यांचा जावई दुबईला नोकरीला आहे. येताना लाकडी डबी आणतो, आत करंगळीएवढे बारीक चिरूट. बीदरकडच्या या कमलनगरात बाकीच्यांचे जावई खजूर आणतात, रजई आणतात. आमच्या अप्पांचं सगळंच उंची.

अप्पांनी जन्मभर तुरीची आडत केली. पोत्यात सळई खुपसायची, चार दाणे दाताखाली फोडायचे आणि म्हणायचं, "माल बरा हाय, पण ओलावा हाय." पुढं आडत मुलानं सांभाळली, ते 'पण' तेवढं अप्पा घरी घेऊन आले. शिरा बरा हाय, पण साखर जास्त. जावई बरा हाय, पण बुटका. एकदा बीदरच्या मोठ्या डॉक्टरानं तपासून सांगितलं, काळजीचं काही नाही. बाहेर येऊन हे काय म्हणाले? "डॉक्टर बरा हाय, पण हात गार हाय."

त्यांची बायको काशम्मा, माझी जिवाची मैत्रीण. ती म्हणायची, "लग्न झाल्यापासून वाट बघायले, सुभद्रे. एकदा तरी मला 'पण' न लावता चांगलं म्हणावं. एवढं ऐकलं की मी सुटले." आम्ही दोघी हसायचो. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, पण दुसरं करणार काय?

आणि त्या डबीचे लाड काय सांगू! चिरूट वाळू नयेत म्हणून डबी पाण्याच्या माठाला टेकवून, वर ओलं फडकं. फडकं वाळलं की घरभर आरडाओरडा. काशम्मा म्हणायची, "माझी चार लेकरं मिळून एवढी जपली न्हाईत."

संध्याकाळी अप्पा ओट्यावर बसत. सुपारीच्या अडकित्त्यानं चिरुटाचं टोक कापत. लायटर चालायचा नाही, काडीच पाहिजे. पहिला झुरका घेऊन समोरच्या ओट्यावरच्या मला सांगत, "आदी ओल्या मातीचा वास, मग कॉफी, मग बदाम." बदाम त्या घरात शेवटचा कधी आला होता, देव जाणे. मला तर पावसात भिजलेल्या पोत्याचा वास यायचा. मी तसं बोलले की म्हणत, "नाक बरं हाय तुमचं, पण सवय न्हाई."

खरी परीक्षा राखेची. चांगल्या सिगारची राख पडत नाही म्हणे, टोकाला लांब उभी राहते. "बघा, ईभूतीसारखी पांढरी!" कपाळावर ईभूतीचे तीन पट्टे, बोटांत ही दुसरी ईभूती. राख वाढत गेली की गल्लीनं श्वास धरायचा. पोरांनी पळायचं नाही, कुणी दार आपटायचं नाही. तेवढ्यात ठाणाकुशनूर गावाला जाणारी जीप भोंगा वाजवत यायची आणि राख धोतरावर. "सिगार बरा हाय," अप्पा धोतर झटकत म्हणायचे, "पण रस्ता खराब." धोतराची भोकं शिवायला काशम्मा होतीच.

आता आम्ही दोघी मिसरीवाल्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि दाताला लावायची. ती लावल्याशिवाय आमचा दिवस उजाडायचा नाही. एका सकाळी काशम्माची तंबाखू संपली, दुकान बंद. थोड्या वेळानं गल्लीत असा काही वास सुटला की मी हातातलं टाकून पळत गेले. बघते तर तव्यावर क्युबा!

अप्पा अंघोळ करून आले आणि किंचाळलेच. "अगं ए! काय करायलीस? क्युबाचा हाय तो!"

"तंबाखूच हाय न्हवं?" काशम्मा तवा हलवत म्हणाली. "तुमी जाळून धूर करताव, मी भाजून दात घासायले. कामून वरडायलाव?"

अप्पा मटकन उंबऱ्यावर बसले. पण आतला आडत्या गप्प बसतो होय? जरा वेळानं हळूच विचारलं, "कशी हाय?"

काशम्मानं चिमूट दाताला लावली. डोळे मिटले. अगदी त्यांच्यासारखा वेळ घेतला.

"माल बरा हाय," ती म्हणाली, "पण ओलावा हाय."

मी इतकी हसले की तोंडातली मिसरी लुगड्यावर सांडली. अप्पा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. मात्र पुढची डबी आली तेव्हा एक चिरूट त्यांनी स्वतःच बाजूला काढला. "हा तव्याचा," म्हणाले. "नासाडी हाय, पण असू दे."

गेल्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि काशम्मा गेली.

त्यानंतर अप्पा कशालाच नावं ठेवीनात. दूधवाला मला विचारत आला, "अक्का, अप्पा आजारी हायती का? दूध पातळ हाय म्हणून बोलतच न्हाईत." जावयानं नवी डबी आणली. ओट्यावर धूर काही दिसला नाही.

मग एका दुपारी अप्पा माझ्या दारात उभे. मुठीत एक चिरूट.

"सुभद्राक्का, तवा ठेवताव का?"

"आता मिसरी लावायलाव होय?"

"न्हाई. तुमी लावा. मला नुस्ता वास..."

मी तवा ठेवला. चिरूट त्यांनी कानाशी धरला नाही, वास घेतला नाही, तसाच कुस्करून तव्यात टाकला. स्वयंपाकघर वासानं भरलं. अप्पा दाराची चौकट धरून, डोळे मिटून उभे. मी चेष्टेनं विचारलं, "काय अप्पा, कसा हाय माल?"

"काशी लई चांगली भाजायची," ते म्हणाले.

मी चमचा धरून थांबले. आता 'पण' येईल, मग येईल. अप्पा डोळे मिटून उभेच होते. पुढं काही आलं नाही.

मिसरी केव्हाच भाजून झाली होती. मी गॅस बारीक केला आणि हलवत राहिले.