टिलकॉटर साहेबांचे सर्वोत्तम भाषण

रविवारी आमच्या गावात कोणी गवत कापत नाही, भिंतीत खिळा ठोकत नाही आणि रिकामी बाटली चौकातल्या काचकचऱ्याच्या पेटीत टाकत नाही. टाकलीच, तर नीहुएस बाई लेखी तक्रार करतात. बाई निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांच्याकडे आवाज मोजायचे स्वतःचे यंत्र आहे.

या शांततेचे श्रेय आमचे खासदार आन्सगार टिलकॉटर यांचे. सहा वेळा निवडून आलेले, चोवीस वर्षे बर्लिनला. त्या काळात त्यांनी ‘रविवार शांतता नियमावली’ मंजूर करून घेतली, आणि उरलेला वेळ काही बदलू नये यासाठी खर्च केला. नदीवरचा पूल तीन वर्षे बंद आहे, यावरून त्यांना किती यश आले ते कळते.

सातव्या उमेदवारीसाठी पक्षाची सभा ठरली. या खेपेस प्रथमच समोर कोणी उभे राहिले: इम्के फोर्टमान, चौतीस वर्षांच्या वकील, तोंडाने फटकळ. उमेदवारी गेली तर साहेबांना सासऱ्यांच्या फरशांच्या दुकानात बसावे लागणार होते. शाखेचा चिटणीस म्हणून तारीख मी काढली. शनिवारी फुटबॉल, इतर दिवशी कामे. रविवार तेवढा मोकळा सापडला.

अर्धा तास आधीच नीहुएस बाई यंत्र घेऊन सभेच्या तंबूत हजर. हा आपल्याच पक्षाचा कार्यक्रम आहे, याची मी त्यांना आडून आडून आठवण करून दिली.

“म्हणून तर आले,” बाई म्हणाल्या. “साहेबांचा नियम साहेबांच्याच सभेत मोडला तर शोभेल का? चाळीस डेसिबलच्या वर गेलात की एकदा इशारा देईन. दुसऱ्यांदा नगरपालिकेला फोन आणि तंबू बंद.”

साहेबांनी नियमावली मागवली आणि उभ्या उभ्या वाचली.

“कोणत्या गाढवानं लिहिलंय हे?”

“आपणच, साहेब.”

मग अंमलबजावणी सुरू झाली. बँडवाल्यांनी तुताऱ्या ओठांपासून चार बोटे लांब धरून वाजवल्या. बियरच्या मगांना बुडाशी लोकरीचे तुकडे चिकटवण्यात आले. टाळ्यांऐवजी हात हलवायचे ठरले. सॉसेजची चरचर सेहेचाळीस भरली, म्हणून सॉसेज थंड वाढले. एका शेतकऱ्याला शिंक येऊ लागली, तेव्हा चौघांनी त्याला उचलून मक्याच्या शेतात नेले आणि काम आटोपल्यावर परत आणून बसवले.

फोर्टमान बाई व्यासपीठावर चढल्या. “पूल तीन वर्षं बंद आहे,” त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. “दवाखान्यात जायला तेवीस किलोमीटरचा वळसा पडतो, आणि हे गृहस्थ...”

यंत्र अडुसष्टवर गेले. नीहुएस बाईंनी बोट वर केले. एकमेव इशारा वापरून झाला होता. सभेने फोर्टमान बाईंना अत्यंत सभ्यपणे मक्याच्या शेतात नेऊन ठेवले.

मग साहेब उठले. अडतीस मिनिटे ते बोलले. ओठ हलत होते, मूठ उठत होती, एका ठिकाणी त्यांनी डोळेही पुसले. आवाज मात्र नव्हता. यंत्राने सोळा दाखवले, तेही सॉसेजवरच्या माशीचे.

सभा भारावून गेली. “डिझेल स्वस्त करतोय,” शेजारचा गवळी माझ्या कानाशी कुजबुजला. “चक्क सांगून टाकलं की.” बेकरीवालीला कर माफ झाल्याचे ऐकू आले. नीहुएस बाईंच्या मते विषय शनिवारही शांत करण्याचा होता. चोवीस वर्षांत साहेब इतके मुद्द्याचे कधी बोलले नव्हते, यावर मात्र सर्वांचे एकमत झाले. मते पडली एकशे एक्केचाळीस विरुद्ध दोन.

बर्लिनमध्ये साहेबांनी तीच शैली पुढे चालू ठेवली. पक्षाने त्यांना मुख्य प्रवक्ते नेमले. त्यांच्या मुलाखतींवर हल्ली विरोधकही समाधान व्यक्त करतात.

परवा दवाखान्यात फोर्टमान बाई भेटल्या. मी तेवीस किलोमीटरचा वळसा घालून आलो होतो, त्याही. “त्या दिवशी पुलाबद्दल एक शब्द तरी बोलले का हो ते?” त्यांनी विचारले.

पूल वसंतापर्यंत सुरू होणार, हे साहेबांनी तीनदा सांगितले होते. मी पहिल्याच रांगेत होतो. तसे मी त्यांना सांगितले. त्या हसल्या.

तुम्हीही हसाल. पण ते भाषण तुम्हीसुद्धा आत्ताच, ही गोष्ट मनातल्या मनात वाचताना, ऐकलेत. खरे सांगा, तुमच्या गल्लीतल्या खड्ड्यांचा विषय त्यांनी घेतला होता ना?