टिंबात अडकलेली टिल्ली खार

बाळांनो, एका जंगलात झाडं होती, नदी होती आणि पंचायतीचा एक संगणकही होता. तो टिल्ली खार सांभाळायची. जंगलातल्या बिळांची नोंद त्यात होती. प्रत्येक वस्तीचा एक फोल्डर, त्यात गल्ल्यांचे फोल्डर, त्यात बिळांच्या फायली.

एका सकाळी सरपंच हत्तीणबाई धापा टाकत आल्या.

"टिल्ली, वरच्या धरणाचं पाणी दुपारी सुटतंय. नदीकाठच्या सगळ्या बिळांची यादी काढ. एकही राहता कामा नये गं, आत पिल्लं आहेत."

टिल्लीने पर्ल भाषेत प्रोग्राम लिहिला. फोल्डर उघड, आत फोल्डर दिसला की त्यातही शीर. प्रोग्राम शिरला आणि बाहेरच येईना. त्याच फोल्डरात गरगर फिरत राहिला.

टिल्ली वडाकडे धावली. तिथल्या पारावर जाणकार बसत.

"काका, माझा प्रोग्राम त्याच त्याच फोल्डरात फिरतोय. कुठे चुकलं, सांगता का?"

"हा प्रश्न नऊ वर्षांपूर्वी विचारून झालाय," घुबड म्हणालं. "शोध."

"कुठे शोधू?"

"तेही विचारून झालंय."

"आणि फोल्डर नाही, डिरेक्टरी म्हणायचं," साळिंदर फणकारलं.

"आजकाल पर्ल कोण लिहितं?" कोल्हा हसला. "दुसरी भाषा शीक."

"दुपारपर्यंत?"

"मनावर घेतलं तर."

कासवाने मान बाहेर काढली. "मुळात तुला हे करायचंय कशाला?"

टिल्लीने पुराचं सांगितलं.

"मग हा प्रश्न पर्लचा नाही, पाण्याचा आहे. पाण्याचा पार पलीकडे."

ऊन डोक्यावर आलं. टिल्लीला रडू फुटलं. मग रडू गेलं आणि राग आला. ती दगडावर चढून ओरडली,

"ऐका हो! सापडलं मला उत्तर! पर्लला फोल्डरातला फोल्डर वाचताच येत नाही. भाषाच तेवढी आहे!"

घुबड फांदीवरून धपकन खाली आलं.

"अडाणी! येतं की वाचता! प्रत्येक फोल्डरच्या यादीत एक टिंब असतं, ते म्हणजे तोच फोल्डर. दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचा. तू टिंबात शिरतेस, म्हणून फिरून तिथेच!"

"ती दोन नावं वगळ!" साळिंदराचे काटे उभे राहिले.

कोल्ह्याने चालणारी ओळ मातीत खरडून दिली. आणि कासव, बाळांनो, कासव चक्क धावत आलं. ह्या कामाचं तयार मॉड्यूल, म्हणजे आयता प्रोग्राम, मिळतं, हे त्याला सर्वांच्या आधी सांगायचं होतं.

टिल्लीने ओळ पाठ केली आणि सुसाट पळाली. यादी निघाली. तीनशे बारा बिळं. हत्तीणबाई बिळोबिळी हाका मारत गेल्या. पाणी आलं तेव्हा शेवटची चिचुंद्री पाच पिल्लं घेऊन टेकडी चढत होती.

तात्पर्य : नम्रपणे विचारणाऱ्याला शहाणे उपदेश देतात, ठणकावून चुकणाऱ्याला उत्तर देतात. म्हणून बाळांनो, अडलात तर विचारत बसू नका. चुका. आणि जरा मोठ्याने चुका.