हिच्यासाठी

आमच्या वाचनालयातल्या लिनक्सच्या कॉम्प्युटरने भागीरथीबाई तोडकरांची नोंद माणूस म्हणून न करता फाइल म्हणून केली, आणि नियमाने बघितलं तर त्याचं काही चुकलं नाही. नवशिक्यांचा वर्ग मी घेते, म्हणून मीच सांगते. बाकीचे तिखटमीठ लावतात.

बाई वर्गाला आल्या त्या एका फाइलीसाठी. त्यांचे यजमान, एसटीतले निवृत्त कंडक्टर, गेल्या वर्षी वारले. त्याआधी दोन वर्षं ते रोज दुपारी याच कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत बसायचे. फाइलीचं नाव ‘हिच्यासाठी’. जुन्या फाइली शनिवारी पुसायच्या होत्या आणि बाई आल्या तो गुरुवार होता.

मी पहिला धडा दिला. ‘हू अ‍ॅम आय’ असं लिहायचं, की आपण कोण ते कॉम्प्युटर सांगतो. बाईंनी एका बोटाने लिहिलं.

“इतर,” कॉम्प्युटर म्हणाला.

“बरं. आता ह्यांची फाइल उघड.”

“परवानगी नाही. वाचायचा अधिकार फक्त मालकाला. आपण इतर.”

“इतर?” बाई भडकल्या. “अडतीस वर्षं भाकऱ्या थापल्या मी त्यांच्या! जीभ कशी झडत नाही रे तुझी?”

“मला जीभ नाही. फाइलीच्या मालकाशी नातं सांगा.”

“अरे, ते आमचे मालक!”

कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरायला लागला. बाईंना गप्प करायला हवं होतं, पण मला उशीर झाला.

“ज्याला मालक असतो ती फाइल,” तो म्हणाला. “म्हणजे आपण फाइल आहात. एका मालकाच्या फाइली एका फोल्डरमध्ये राहतात. आत जाऊन बसावं.”

माझं डोकंच फिरलं. बाईमाणसाला फाइल म्हणतो म्हणजे काय! मी तक्रारीचा अर्ज लिहायला कागद ओढला.

“राहू द्या हो मॅडम,” बाई म्हणाल्या. “आत जायला मिळतंय ना?”

त्यांनी चपला काढल्या, पिशवी माझ्याकडे दिली आणि आत गेल्या. खुर्ची रिकामी झाली. पडद्यावर आता दोन फाइली दिसत होत्या.

वीसेक मिनिटांनी त्या बाहेर आल्या. डोळे लाल झाले होते.

“काय लिहिलंय?” मला राहवेना.

“माझं नाव. जन्मभर ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’, नावाने कधी हाक मारली नाही हो. आणि आत पानंच्या पानं! आधी भगीरथी, मग भागिरथी. शेवटच्या पानावर कुठे बरोबर जमलंय बघा.”

“सूचना,” कॉम्प्युटर म्हणाला. “मालक हयात नाहीत. शनिवारी दोन्ही फाइली पुसल्या जातील.”

दुसरी फाइल माझ्यासमोर अनवाणी उभी होती.

“मालक बदलता येतो का रे?” बाईंनी विचारलं.

“येतो. नव्या मालकाचं नाव अचूक लिहावं. एकदाच संधी मिळेल.”

बाई बसल्या. एका बोटाने, एकेक अक्षर बघून, त्यांनी लिहिलं: भागीरथी.

“दोन्ही फाइलींचे मालक?”

“दोन्ही.”

मग मी न सांगता त्यांनी पहिला धडा पुन्हा लिहिला.

“मालक,” कॉम्प्युटर म्हणाला.

“मालकीण म्हण,” बाई म्हणाल्या, आणि चपला शोधायला लागल्या.