उत्तर न देणाऱ्या बाई

हौदाचा खालचा नळ उघडा ठेवला कुणी, या प्रश्नावर आत्याचं घोडं केव्हाचं अडलं होतं.

"अगं, वरचा नळ हौद भरतोय, खालचा रिकामा करतोय. दोन्ही चालू असताना हौद कधी भरेल, एवढंच काढायचंय," भिंगरी म्हणाली.

"ते कळलं गं. पण खालचा बंद केला की लगेच भरेल ना?"

"बंद नाही करायचा!"

"का पण? पाणी फुकट चाललंय."

"आत्या, गणितात पाणी नसतं!"

"मग हौद कशाला भरतायत मेले?"

भिंगरीने पेन्सिल टेबलावर आपटली. भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ही मुलगी एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे घरात, शाळेत, गल्लीत तिला याच नावाने हाक मारत. यंदा शाळेच्या नाटकात तिला महाराणीची भूमिका मिळाली होती. मागच्या वर्षीपर्यंत जी मुलगी पडद्याची दोरी ओढत होती, ती आता चहासुद्धा "आणा!" असं म्हणून मागायची. तालीम, संवाद, मुकुटाचं माप असा सगळा राज्यकारभार अंगावर पडलेला असताना तिला रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आत्याला गणित शिकवायला बसावं लागत होतं.

आत्या बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसायची. पर्यवेक्षकाच्या जागेसाठी खात्याची परीक्षा होती आणि आत्या तिच्यात दोनदा गणितातच आपटली होती. नियमाने तीनच संधी. म्हणजे आता ही शेवटची. पर्यवेक्षकाला वरच्या मजल्यावर फिरती खुर्ची मिळते, तेवढ्यासाठीच आत्या हे हौद आणि नळ उपसतेय, अशी भिंगरीची खात्री होती.

"परत सांग ना एकदा," आत्या म्हणाली.

"आत्या, डोकं आहे की खोकं?"

बोलून गेल्यावर भिंगरीने जीभ चावली. आत्या मात्र हसली. "खोकंच आहे गं. पण रिकामं आहे, भर की तू."

दुसऱ्याच दिवशी भिंगरीने आत्याच्या मोबाइलवर एआयचं शिकवणीचं ॲप घालून दिलं. त्यात एक बाई बोलायच्या. आवाज असा गोड, की कडू औषध पाजलं तरी आणखी मागून घ्यावं. सुरुवातीलाच एक प्रश्न होता: 'विद्यार्थ्याला थेट उत्तर द्यावे का?' शाळेत नुकतंच कुणीतरी भाषण देऊन गेलं होतं, की खरा शिक्षक उत्तर देत नाही, विद्यार्थ्याला विचार करायला लावतो. भिंगरीने रुबाबात 'कधीच नाही' वर बोट ठेवलं आणि ती तालमीला पळाली.

पहिल्याच संध्याकाळी आत्याने बाईंना तोच प्रश्न विचारला. "बाई, खालचा नळ उघडा कुणी ठेवला?"

"छान प्रश्न!" बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

आत्या मोबाइलकडे बघतच राहिली. खिडकीत बसून तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दिवसभर माणसं येऊन विचारायची: गाडी कितीला, फलाट कुठला, मुतारी कुठं? पण तुम्हाला काय वाटतं, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि आपल्याला काय वाटतं ते सविस्तर सांगितलं. त्यात बसस्थानकावरचा सफाईवाला आला, घरमालक आला, भिंगरीचे बाबाही आले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "आणि वरचा नळ तासाला किती भरतो?" आत्याने चटकन सांगितलं! बरोबर सांगितलं!

"चिडत नाहीत गं अजिबात," रात्री जेवताना आत्या कौतुकाने म्हणाली. "मी तेच तेच विचारलं तरी दर वेळी छान प्रश्न म्हणतात."

भिंगरी महाराणीच्या थाटात हसली. एक काम मार्गी लागलं होतं.

आठवडा उलटला आणि त्या गोडव्याची लागण घरात झाली. बाबा न्हाणीघरातून ओरडले, "ताई, माझा टॉवेल कुठंय?"

"छान प्रश्न!" बाहेरून आत्याचा आवाज आला. "शेवटचा कुठं पाहिला होतास?"

"ताई, डोळ्यात साबण गेलाय!"

"म्हणजे तू आत्ता कुठं आहेस? आणि टॉवेल कुठं असायला हवा? यावरून तुझ्या काय लक्षात येतं?"

"मी तसाच बाहेर येतोय, हे लक्षात येतं!"

टॉवेल मिळाला. भिंगरी हसून हसून लोळली. आत्या बसस्थानकावरही असंच बोलत असेल, हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही.

आत्या बसस्थानकावरही असंच बोलत होती.

"बाई, आमच्या गावची शेवटची गाडी गेली का हो?" एक गृहस्थ धापा टाकत खिडकीशी आले.

"छान प्रश्न! फलाटावर काय दिसतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"आणि घड्याळात?"

"सुटायची वेळ तर होऊन गेली."

"मग दोन्ही गोष्टी जोडून बघा बरं."

गृहस्थांनी जोडून बघितल्या आणि ते मटकन सामानावर बसले. "गेली," ते म्हणाले.

"शाब्बास!" आत्या म्हणाली.

तक्रारी धडाधड आल्या. रांग वाढत वाढत पार्सलच्या खोलीपर्यंत गेली. एका नवरा-बायकोला आत्याने 'आधी कुठं जायचंय ते नक्की ठरलंय का?' एवढंच विचारलं, तर त्यांचं तिथंच असं जुंपलं की दोघं दोन गाड्यांत बसून दोन दिशांना गेले. शेवटी वरून 'कारणे दाखवा' नोटीस आली. ती वाचून आत्याला भरूनच आलं.

"बघ भिंगरे, आमच्या ऑफिसातसुद्धा आता हीच पद्धत आली! कारणं विचारतायत!"

"आत्या, ती नोटीस आहे! तुला झापलंय त्यांनी!"

"नाही गं, तू नीट वाच. तुला काय वाटतं, त्यांना काय म्हणायचं असेल?"

स्थानकप्रमुख साहेब स्वतः खिडकीत आले. भिंगरी त्या दिवशी आत्याचा विसरलेला डबा द्यायला गेली होती, म्हणून तिला सगळं ऐकायला मिळालं.

"बाई, तुम्ही लोकांना सरळ उत्तर का देत नाही?" साहेब गरजले.

भिंगरीने डोळे गच्च मिटले. आता आत्या ते म्हणणार.

"तुम्हाला काय वाटतं, साहेब?" आत्या म्हणाली.

भिंगरीने एक डोळा उघडला, तर साहेब स्टुलावर बसले होते. "मला?" ते म्हणाले. "मला तर वाटतं, मीच चुकीच्या खात्यात आलो. मला बागकामाची आवड हो." मग गुलाबावरची कीड, दुखरा गुडघा, सुनेशी अबोला असं एकेक निघत गेलं. काचेबाहेर रांगेतली माणसं साहेबांकडे बघत होती आणि साहेब रुमालाने नाक पुसत होते.

जाताना मात्र ते पुन्हा साहेब झाले. "नोटीस मी सध्या दाबून ठेवतो. परीक्षा पास व्हा, म्हणजे सरळ वर या. नाहीतर मला तुम्हाला हरवलेल्या सामानाच्या खोलीत पाठवावं लागेल. ती शेवटची गाडी लागेपर्यंत उघडी असते आणि तिथं कुणी काही विचारायला येत नाही."

आत्याने मग कंबर कसली. बाई विचारत, आत्या बोलत जाई आणि कागदावर पायऱ्या चढत जाई. गंमत म्हणजे ती आता बरोबर चढत होती. फक्त एक नवी खोड लागली होती. शेवटाला उत्तर आलं की ती मोठ्याने सांगायची, तेव्हा बाई म्हणायच्या, "उत्तरापेक्षा वाट महत्त्वाची! तुम्ही तिथवर कशा पोहोचलात?" हळूहळू आत्या उत्तर लिहीनाशीच झाली. भिंगरीकडे शिकत असताना ती उत्तराखाली दोन रेघा ओढायची. आता तिला ते उगाच फुशारकी मारल्यासारखं वाटू लागलं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी आत्या भिंगरीच्या दारात उभी राहिली. भिंगरी आरशासमोर मुकुट घालून सेनापतीला देशोधडीला लावत होती.

"भिंगरे, एक विचारू? पेपरात उत्तरासाठी चौकट असते ना, ती रिकामी ठेवली तर चालते का गं? पायऱ्या सगळ्या दाखवल्यावर?"

"आत्या, माझा संवाद तुटला ना!" भिंगरी आरशातूनच म्हणाली. "तुझ्या बाईंना विचार की!"

आत्याने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "छान प्रश्न! तुम्हाला काय वाटतं?"

आत्याला वाटलं, चालत असेल.

परीक्षेहून आत्या तरंगतच घरी आली. "सगळं आलं मला! एकही गणित सोडलं नाही!" त्याच आठवड्यात भिंगरीचं नाटक झालं. आत्याने पहिल्या रांगेत बसून इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की महाराणी संवाद विसरून तिच्याकडे बघून हसली. घरात नुसता आनंद होता.

नाटकाच्या दुसऱ्याच दिवशी निकाल लागला आणि गणिताच्या रकान्यात शून्य होतं.

"शून्य कसं असेल?" भिंगरी आत्याचा हात धरून परीक्षेच्या कार्यालयात घुसली. "काहीतरी घोळ आहे. आम्हाला पेपर बघायचाय!"

तिथला कारकून भला माणूस होता. त्याने पडद्यावर पेपर उघडला आणि चष्मा वर करून वाचू लागला. "वा! वा, सुरेख! अहो, सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत." मग तो थांबला. "पण बाई, चौकटी रिकाम्या आहेत."

"उत्तरापेक्षा वाट महत्त्वाची," आत्या बारीक आवाजात म्हणाली.

"माणूस तपासत होता तेव्हा होती हो! आता पेपर एआय तपासतं. ते फक्त चौकट बघतं. बाकी तुम्ही गणित लिहा नाहीतर देवाचं नाव लिहा, त्याला दिसत नाही."

"मग तुम्ही तपासा ना!" भिंगरी म्हणाली. "तुम्हाला दिसतंय ना सगळं बरोबर आहे ते?"

"दिसतंय बाळा. पण मार्क द्यायचं बटण माझ्याकडे नाही."

भिंगरीने त्याला नियम विचारले, वरच्या साहेबांचं नाव विचारलं, महाराणीचा आवाज लावला, मग साधा लावला आणि शेवटी रडका लागला. कारकुनाने तिला पाणी दिलं. एका एआयने आत्याला उत्तर न द्यायला शिकवलं आणि दुसऱ्याला उत्तराशिवाय काही दिसत नव्हतं. त्या दोघांच्या मधे उभी राहून साधं 'हो' किंवा 'नाही' सांगू शकणारी एक मुलगी होती, ती त्या संध्याकाळी आरशात बघत होती.

घरी येताना बसमध्ये ती म्हणाली, "आत्या, तू मला विचारलं होतंस."

"अगं, तुझी तालीम होती." आत्याने तिच्या कानामागे राहिलेली नाटकाची लाली पदराने पुसली. "आणि तू काय हसलीस गं स्टेजवरून माझ्याकडे बघून! शेजारची बाई मला म्हणाली, तुमचीच का?"

दुसऱ्या महिन्यापासून आत्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसू लागली. तिथं छत्र्या होत्या, एका पायाचे बूट होते आणि विचारणारं कुणी नव्हतं. रात्री ती उशिरा यायची. घरी उत्तरं मात्र सरळ देऊ लागली होती. टॉवेल कुठंय म्हटलं की "दोरीवर," एवढंच. बाबांना त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

एका सुट्टीच्या दिवशी भिंगरी बाहेरून आली, तर स्वयंपाकघरातून बाईंचा गोड आवाज येत होता. परीक्षा संपली, संधी संपली, तरी आत्या टेबलाशी कागद घेऊन बसली होती. भिंगरी दाराआड थबकली.

"तुम्हाला ही परीक्षा का द्यायची होती?" बाई विचारत होत्या.

भिंगरी मनात म्हणाली, फिरती खुर्ची.

"वरच्या जागेला सकाळची पाळी असते हो," आत्या म्हणाली. "शाळा सुटायच्या आत घरी येता आलं असतं. आमच्या भिंगरीची आई परगावी नोकरीला, बाबा दुकानात. पोरगी कुलूप उघडून एकटीच घरात शिरते. लहान होती तेव्हा तर कपाटाशी बोलत बसायची. म्हटलं, दार उघडायला कुणीतरी असावं." तिने समोरचा कागद सरळ केला. "आता काय, मोठी झाली. तालमी असतात, मैत्रिणी असतात. आता तीच उशिरा येते."

"खूप छान सांगितलंत!" बाई म्हणाल्या. "आता आपण काळ आणि काम यांचं एक उदाहरण बघूया?"

"बघूया," आत्या म्हणाली आणि तिने पेन्सिल उचलली.

भिंगरीला तो मोबाइल उचलून खिडकीबाहेर भिरकावावासा वाटला. तसं काही न करता तिने आत जाऊन आत्याशेजारची खुर्ची ओढली आणि ती बसली. चक्क स्थिर बसली. तिला खूप काही सांगायचं होतं आणि त्याहून जास्त विचारायचं होतं. तिने तोंड उघडलं.

"आत्या, मी शिकवू का तुला, परत? मी नाही चिडणार. आत्या, ऐक ना..."

आत्याने मोबाइलवरची नजर न काढता तिच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"थांब गं जरा," ती कुजबुजली, "बाई बोलतायत."