चमच्यावरचा थेंब

चहा मागवून तो न पिता परत करणारा एकच गृहस्थ मला ठाऊक आहे. नरडाणा स्टेशनाबाहेरच्या टपरीवर नाना उभ्यानेच चहात चमचा बुडवतात, तिरका धरतात आणि थेंब कसा सुटतो ते पाहतात. मग पैसे ठेवून चालू लागतात.

"नाना, चहा पेवाना शे का तपासाना शे?" टपरीवाला विचारतो.

"पातळाला घाई फार," नाना जाता जाता म्हणतात. हे त्यांचे ठरलेले वाक्य.

सरकारी दवाखान्याच्या औषधखिडकीत त्यांचा जन्म गेला. माणसांची वर्गवारीही ते बाटल्यांप्रमाणे करतात. माजी सरपंच म्हणजे सिरप. साखरेच्या जोरावर दाट. त्यांचा स्वतःचा मेहुणा टिंक्चर, मद्यार्कात मुरलेला, बूच उघडे राहिले की उडून जाणारा. "आणि तुम्ही सस्पेन्शन," असे ते मला तोंडावर म्हणाले. "बठ्ठा गुण तळाशी, वर नुसतं पाणी. हलवल्याशिवाय उपयोग नाही."

मी ते मनाला लावून घेतले नाही.

चमच्याचे वेड मात्र गेल्या हिवाळ्यापासूनचे. तेव्हापासून ते कुठे टेकत नाहीत. डेअरीत ताक तपासतात, रसवंतीवर रस. एका लग्नात त्यांनी पंगतीत न बसता उभ्यानेच वरणाचा थेंब उजेडात धरला. "काय पडनं नाना, वरणमा?" वाढप्याने विचारले. पंगत हसली. नाना पुढच्या भांड्याकडे गेले होते.

कारण गावाला ठाऊक आहे. हिवाळ्यात त्यांच्या पत्नीला, अक्कांना, अर्धांगवायू झाला. बोलणे परतले, गिळणे पूर्ण परतले नाही. पाण्यासारखे पातळ काही श्वासनलिकेत उतरले तर जिवावर बेतेल, असे धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावले. अक्कांची सकाळ चहाशिवाय होत नसे. म्हणून नाना चहात आरारूट शिजवतात. पुरेसा दाट केला तर त्याला चहाची चव राहत नाही. चव राखली तर तो धोक्याचा होतो. या दोहोंमधली जागा शोधत ते हिंडतात.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. नानांनी मला साधा चहा दिला. उरलेले दोन कप दाट होते.

"दुसरा कोणाचा?"

"माझा."

"तुम्हाला काय झाले?"

"तिनं खळ गिळायची आणि मी समोर बसून भुरके मारायचे?"

टपरीवरचा न प्यालेला चहा मला आठवला. मी माझा कप खाली ठेवला.

नानांनी चमचा तिरका धरला. थेंब रेंगाळला, मग सुटला. अक्कांना उशीला टेकवून त्यांनी चमचा ओठांशी नेला.

"हाऊ चहा शे का खळ?" अक्का म्हणाल्या.

"खळच शे. गिळ."

आम्ही दोघे त्यांच्या गळ्याकडे पाहत राहिलो. घोट उतरला. खोकला आला नाही.

अक्कांनी जीभ ओठांवरून फिरवली. "आते चहानी चव लागस," त्या म्हणाल्या.

नानांनी चमचा बशीत ठेवला आणि ते खाटेच्या कडेला बसले. हिवाळ्यापासून त्यांना बसलेले मी पाहिले नव्हते.